खांद्याचा टाका आणि दहा वर्षांनंतरचा हात

निफाड-दिंडोरीकडची द्राक्षबाग पाहिली की खांद्याचं दुखणं कुठून येतं, ते वेगळं सांगावं लागत नाही. छाटणी, विरळणी, डिपिंग (घड औषधाच्या द्रावणात बुडवणं), सगळं मांडवाखाली आणि हात कायम वर. पन्नाशीनंतर कधीतरी अंबाडा घालायला हात जात नाही, रात्री त्या कुशीवर झोपवत नाही. नाशिकला येऊन एमआरआय काढला की रिपोर्टात ‘रोटेटर कफ टेअर’ असतं. म्हणजे दंडाच्या हाडाचा गोळा खोबणीत धरून ठेवणाऱ्या चार स्नायूंपैकी एखाद्याची कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणारी दोरी), बहुधा वरची, हाडापासून फाटलेली. दुर्बिणीतून टाके घालायचे का, हे घरात त्याच रात्री ठरवायला घेतात. ते टाके किती टिकतील, हे सहसा कोणी विचारत नाही.

तो प्रश्न फार पूर्वी विचारणारा माणूस म्हणजे बोस्टनचा सर्जन अर्नेस्ट अमोरी कॉडमन. फाटलेली कंडरा शिवलेल्या दोन रुग्णांची हकीकत त्याने 1911 मध्ये छापली. प्रत्येक रुग्णाचं कार्ड ठेवायचं आणि वर्षाने बोलावून ऑपरेशनचं काय झालं ते लिहायचं, हा हट्टही त्याचाच. स्वतःच्या छोट्या रुग्णालयातल्या 337 रुग्णांत 123 चुका झाल्या, असं त्याने स्वतःच जाहीर केलं. सहकाऱ्यांना हे रुचलं नाही. 1915 मध्ये त्याने भर सभेत वाळूत डोकं खुपसलेल्या शहामृगाचं व्यंगचित्र दाखवलं, तेव्हा तर तिथल्या डॉक्टरांच्या संस्थेतलं अध्यक्षपदही गेलं. (आजही असा डॉक्टर सगळ्यांना परवडेल असं नाही.)

पुढे 1972 मध्ये चार्ल्स नीर यांनी वरच्या हाडाचं टोक कंडरेला घासतं, ते तासावं असा विचार मांडला आणि तो काही दशकं चालला. 2018 मध्ये ब्रिटनमधल्या चाचणीत, कंडरा पूर्ण फाटलेली नसलेल्या रुग्णांत, हाड तासणं आणि नुसतंच दुर्बीण घालून बाहेर येणं यांत म्हणण्यासारखा फरक दिसला नाही.

शिवण्याची गोष्ट जास्त गुंतागुंतीची निघाली. अमेरिकेत 2004 साली मोठ्या फाटींवर दुर्बिणीतून टाके घातलेल्या 18 जणांची सोनोग्राफी केली, तर 17 जणांची कंडरा पुन्हा सुटलेली. तरीही बहुतेकांचं दुखणं कमी झालं होतं! टाका तुटला म्हणजे ऑपरेशन फसलं, हे समीकरण तिथेच डळमळलं.

लहान-मध्यम फाटींबद्दल नॉर्वेतल्या 103 रुग्णांचा अभ्यास मला सगळ्यात मोलाचा वाटतो. निम्म्यांना टाके, निम्म्यांना फिजिओथेरपी. खांदा किती चालतो-दुखतो याच्या शंभर गुणांच्या मोजपट्टीवर टाकेवाल्यांची आघाडी पाचव्या वर्षी जेमतेम 5 गुणांची होती, दहाव्या वर्षी ती 10 च्या आसपास गेली. पाच वर्षांवर थांबले असते, तर उत्तर वेगळं मिळालं असतं. उलट, अपघाताविना झिजून फाटलेल्या कंडरांवर फिनलंडमध्ये केलेल्या तुलनेत दोन वर्षांनंतरही व्यायाम शस्त्रक्रियेच्या बरोबरीने उभा राहिला. त्यामुळे पडून-आपटून फाटलेला खांदा आणि झिजून फाटलेला खांदा एकाच मापाने मोजता येत नाही.

आपल्याकडे तारीख बागेच्या हिशेबाने ठरते. काढणी उरकून एप्रिलमध्ये ऑपरेशन केलं, तर चार-सहा आठवडे हात झोळीत जातो आणि जड कामाला साधारण सहा महिने लागतात. म्हणजे ऑक्टोबर छाटणीला कसाबसा हात मोकळा. कॉडमनच्या कार्डावरची वर्षाची तपासणी मात्र पुढच्या एप्रिलमधल्या खरड छाटणीच्या ऐन धांदलीत येते.