शेकडा तीन आणि दोन नाणी

कपाशीच्या पेरणीला पैसे उचलायचे तर खान्देशात दर सांगतात ‘शेकडा तीन’. महिन्याला, हे बोलायची गरज कुणाला वाटत नाही. शाळेत तीच शेकडेवारी द.सा.द.शे. होते, म्हणजे वर्षाची. घरातले ३ आणि पुस्तकातले ३६ एकच, हे नववीतल्या मुलाला क्वचितच कुणी जोडून दाखवतं. आरोग्य, व्यायाम आणि पैशाचा व्यवहार शाळेत सक्तीने शिकवा म्हटलं की नवं पुस्तक, नवा तास डोळ्यांपुढे येतो. त्याची काही गरज नाही. गणित, विज्ञान आणि खेळाचे तास आहेतच. सक्ती हवी ती हाताने करून बघण्याची.

साधा कॅल्क्युलेटर घ्या. २०,००० ला १.०३ ने गुणा, आलेल्या उत्तराला पुन्हा १.०३ ने. एक गुणाकार म्हणजे एक महिना. व्याज थकून मुद्दलात चढत गेलं, तर बाराव्या वेळी २८,५१५ दिसतात आणि चोविसाव्या वेळी ४०,६५६. दुप्पट! यासाठी एक तोंडी हिशेब आहे: ७२ ला दराने भागा. ७२ भागिले ३, चोवीस महिने. पोस्टाच्या बचत खात्याला वर्षाला ४ टक्के, म्हणून तिथे अठरा वर्षं. मुलं इथेच हमखास चुकतात: दर महिन्याचा असेल तर उत्तर महिन्यांत येतं, वर्षाचा असेल तर वर्षांत.

हप्त्यांचं गणित जरा लबाड असतं. १०,००० रुपये, सरसकट १२ टक्के, बारा हप्ते. व्याज १,२००, हप्ता सुमारे ९३३. पण पूर्ण दहा हजार आपल्याकडे पहिलाच महिना असतात. पुढे मुद्दल फिटत जातं, तरी व्याज मात्र दहा हजारांवरच लावलेलं. घटत्या शिलकेवर मोजलं तर खरा दर साडेएकवीस टक्क्यांच्या आसपास जातो.

आता नाणी. दहावीच्या गणितात संभाव्यता आहे, आणि सातपुड्याच्या पट्ट्यात, धडगाव-अक्कलकुव्याकडे, सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार आहे. ११व्या गुणसूत्रावरच्या एका जनुकात बदल होतो, हिमोग्लोबिनच्या साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन बसतं आणि ऑक्सिजन कमी पडला की लाल पेशी विळ्यासारखी वाकते. आई आणि वडील दोघेही वाहक असतील, म्हणजे प्रत्येकाकडे एक जनुक बदललेलं आणि एक चांगलं, तर? एक नाणं आईचं, एक वडिलांचं. दोन्हींच्या एकेका बाजूवर ‘सि’, म्हणजे बदललेलं जनुक, लिहा आणि दोन्ही एकदम चाळीस वेळा उडवा. साधारण दहा वेळा दोन्ही ‘सि’ पडतील, म्हणजे मूल आजारी; वीसेक वेळा एकच, म्हणजे मूल वाहक. नेमके दहा पडत नाहीत, आणि धडा तिथेच आहे. ‘पहिलं मूल आजारी झालं, आता पुढची तीन सुटली’ हा समज गावोगाव ऐकू येतो. नाण्याला मागचं काही आठवत नसतं. प्रत्येक खेपेला शक्यता तीच, २५ टक्के.

तपासणीचंही थोडं सांगावं. विद्राव्यता चाचणीत बोटातल्या रक्ताचा थेंब द्रावणात टाकतात. द्रावण गढूळ होऊन नळीमागच्या काळ्या रेघा दिसेनाशा झाल्या की दोष आहे. वाहक की रुग्ण, हे त्यातून कळत नाही. त्यासाठी इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी ही प्रयोगशाळेतली चाचणी लागते. अंगात रक्त फारच कमी असेल तर विद्राव्यता चाचणी फसवते. आणि निकाल वर्गात मोठ्याने वाचायचा नाही.

मैदानावर नाडी मोजायला शिकवा. अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर, दोन बोटं. अंगठा वापरला तर त्याचीच नाडी मोजली जाते. १५ सेकंद मोजून चारने गुणा. एक ठोका चुकला की उत्तर चारने चुकतं, म्हणून दोनदा मोजा.

सिकलसेलचं वाहक मूल एरवी ठणठणीत असतं, खेळायला त्याला बंदी नको. पण मार्च-एप्रिलच्या खान्देशी उन्हात, पाणी न पिता, पहिल्याच दिवशी जोरात पळवलं तर क्वचित जिवावर बेतू शकतं. पळापळ सकाळीच, वेग आठवडाभर हळूहळू वाढवत, मधे पाणी. पोरगं मांड्या दुखतात, पायात बळ नाही, धाप लागते म्हणालं तर ‘अजून एक फेरी’ म्हणायचं नाही. सावलीत बसवा, पाणी द्या. काही मिनिटांत बरं वाटलं नाही तर थेट दवाखाना.