ग्रॅफाइटचे अणू एसटीएमखाली पाहताना

एसटीएम (स्कॅनिंग टनेलिंग मायक्रोस्कोप) अतिशय टोकदार सुई नमुन्याच्या अगदी जवळून फिरवतो आणि दोघांमधल्या सूक्ष्म विद्युत प्रवाहावरून चित्र काढतो. या पाकिटात एचओपीजी (थर नीट रचलेल्या कृत्रिम) ग्रॅफाइटचा तुकडा आणि सुईसाठी 0.25 मिमी जाडीची प्लॅटिनम-इरिडियम तार आहे. टंगस्टनची तार मुद्दामच दिलेली नाही. उघड्या हवेत तिच्यावर ऑक्साइड चढतो.

सुई. निम्मे अपयश इथेच असते. कटर आणि चिमटा इथेनॉलने पुसून घ्या. तारेचे टोक पकडीत धरा, कटर 30 ते 45 अंश तिरका लावा आणि दाबता दाबताच तारेच्या दिशेने बाहेर ओढा. तार कापली न जाता शेवटी तुटली पाहिजे. सरळ कापलेले टोक भिंगाखाली चकचकीत आणि छान दिसते, पण कामाचे नसते. कापल्यावर टोकाला काहीही लागू देऊ नका. सुई आणि नमुन्यातले अंतर 0.1 नॅनोमीटरने वाढले की प्रवाह साधारण दहापट घटतो, म्हणून टोकावरचा एखादा पुढे आलेला अणूच सगळे काम करतो.

नमुना. ग्रॅफाइटवर चिकटपट्टी दाबून बसवा, हळू सोला. उभे राहिलेले पापुद्रे चिमट्याने काढा. सुई त्यांच्यावर आपटते.

स्कॅन. आधी 500 नॅनोमीटर रुंदीच्या स्कॅनमध्ये सपाट जागा शोधा. पायऱ्या दिसल्या तर उंची तपासा: एका थराची 0.335 नॅनोमीटर. मग 5 नॅनोमीटरवर या. बायस (सुई आणि नमुन्यातला व्होल्टेज) 50 मिलिव्होल्ट, प्रवाह 1 नॅनोअँपिअर, फीडबॅक (प्रवाह स्थिर ठेवायला सुई वरखाली करणारी यंत्रणा) मंद, स्कॅन जलद. चित्र वर जाताना एका बाजूला आणि खाली येताना दुसऱ्या बाजूला तिरके होत असेल तर तो तापमानाचा ड्रिफ्ट, म्हणजे नमुना आणि सुई हळूहळू सरकणे. अर्धा तास थांबा, एसी बंद करा.

षट्कोनी जाळी न दिसता त्रिकोणी मांडणीतले ठिपके दिसतील, एकमेकांपासून 0.246 नॅनोमीटरवर. ते बरोबरच आहे: ज्या अणूच्या थेट खाली दुसऱ्या थरातला अणू नाही, तोच ठळक उमटतो.

हे अणूच आहेत ना? 50 हर्ट्झचा विद्युत गोंगाटही सुबक पट्टे काढतो. एका ओळीला लागणारा वेळ तोच ठेवून स्कॅन 2.5 नॅनोमीटर करा. अणू असतील तर एका ओळीतले ठिपके निम्मे होतील, गोंगाटाचे पट्टे तेवढेच राहतील. स्कॅनची दिशा 30 अंशांनी फिरवली तर जाळीही चित्रात फिरली पाहिजे.

प्रत्येक ठिपक्याला सावली दिसली तर सुईला टोके दोन आहेत. 3 ते 4 व्होल्टचा क्षणिक झटका देऊन बघा, नाहीतर नवी सुई कापा.

अडलात तर मूळ फाइल पाठवा. फूरिये फिल्टर (फक्त ठरावीक अंतराने पुन्हा येणारे आकार ठेवणारी गणिती चाळणी) लावलेले चित्र नको. त्यात गोंगाटाचेही अणू होतात.