प्रसारण लहरींवरील पॅसिव्ह रडार : थेट संकेत वजा करण्यामागचा इतिहास

पॅसिव्ह रडार स्वतः काहीच प्रक्षेपित करत नाही. रेडिओ-दूरदर्शनच्या लहरी विमानावर आदळून परततात, त्यांवरून ते विमानाचा माग काढते. पुण्यात विविध भारतीच्या 101 मेगाहर्ट्झवर असा प्रयोग मांडला, तर लोहगावी उतरणाऱ्या विमानाकडून येणारा संकेत प्रक्षेपकाकडून थेट येणाऱ्या संकेतापेक्षा साधारणतः 60 ते 100 डेसिबलने, म्हणजे दहा लाख ते हजार कोटी पटींनी क्षीण भरेल. ज्या लहरींच्या जिवावर हे रडार चालते, त्याच त्याला आंधळे करतात.

ही अडचण पहिल्याच दिवशी पुढे आली होती. 26 फेब्रुवारी 1935 रोजी रॉबर्ट वॉटसन-वॉट आणि अर्नोल्ड विल्किन्स यांनी बीबीसीच्या डॅव्हेंट्री केंद्राच्या 49 मीटर लघुलहरींवर हेफर्ड विमान टिपले. त्यांनी दोन अँटेना उभारून त्यांतील कला-फरक (दोन लहरींच्या चढउतारांतील पुढे-मागेपणा) असा जुळवला, की थेट संकेत जवळजवळ शून्यावर आला आणि विमान जवळ येताच दोलनदर्शकाच्या पडद्यावर चढउतार दिसू लागले. पुढे थांबून थांबून लहरी सोडणारे स्पंद-रडार आले. त्यात प्रतिध्वनी ऐकताना प्रक्षेपक गप्प असतो, त्यामुळे हा प्रश्न बाजूला पडला.

तो परतला 1986 मध्ये, लंडनमधील ग्रिफिथ्स आणि लाँग यांच्या दूरचित्रवाणीवरील प्रयोगांत. अ‍ॅनालॉग चित्रातील दर ओळ 64 मायक्रोसेकंदांनी येत असल्याने सुमारे 9.6 किलोमीटरपुढचे अंतर संदिग्ध होई. त्यात थेट संकेताची भर पडल्याने निष्कर्ष निराशाजनकच निघाले.

उपाय मात्र वेगळ्याच क्षेत्रात तयार होता. विड्रो आणि हॉफ यांनी 1960 मध्ये स्वतःचे गुणांक आपोआप सुधारणारा फिल्टर मांडला होता, आणि 1975 मध्ये विड्रो व सहकाऱ्यांनी त्याचा उपयोग गर्भाच्या हृदयाचे ठोके आईच्या ठोक्यांतून वेगळे काढण्यासाठी दाखवला : आईच्या छातीवरील संकेत हा संदर्भ, आणि पोटावरील संकेतातून तो वजा. पॅसिव्ह रडारची रचना नेमकी हीच आहे. एक अँटेना प्रक्षेपकाकडे रोखायची, दुसरी आकाशाकडे. मग पहिलीच्या उशिरा पोहोचणाऱ्या प्रतीही वजा करायच्या, कारण सिंहगडाच्या उतारांवरून आणि उंच इमारतींवरून परतणारे संकेत डॉप्लरविना (म्हणजे हालचालीमुळे वारंवारतेत होणाऱ्या बदलाविना) पण विलंबाने येतात. रोम येथील कोलोन, लोम्बार्डो आदींनी 2009 मध्ये या सर्व प्रती एकाच वेळी गणिताने वगळण्याची पद्धत मांडली. वॉर्सामध्ये कुल्पा यांनी वापरलेली, सर्वांत प्रबळ संकेत एकेक करून वजा करणारी ‘क्लीन’ पद्धत तर होगबोम यांनी 1974 मध्ये रेडिओ खगोलशास्त्रासाठी घडवलेली. खोडदच्या महाकाय रेडिओ दुर्बिणीवर काम करणाऱ्या पुण्यातील खगोलतज्ज्ञांना ती चांगलीच परिचित आहे.

श्रेय गणिताला मिळते, पण माझ्या मते पहिला मान भूगोलाचा. अमेरिकेत जॉन साहर यांनी आपल्या पॅसिव्ह रडारचा मानास्टॅश रिज येथील ग्राहक (रिसीव्हर) कॅस्केड पर्वतरांगेच्या आडोशाला ठेवला, म्हणजे सिएटलच्या प्रक्षेपकाचा थेट संकेत डोंगरच अडवतील; संदर्भ संकेत सिएटलमध्ये टिपला आणि दोन्हींची सांगड इंटरनेटद्वारे घातली. ग्राहकाचा इलेक्ट्रॉनिक भागच थेट संकेताने तुडुंब भरला, तर पुढचे कोणतेही सूत्र हरवलेला प्रतिध्वनी परत आणू शकत नाही.

संदर्भ संकेतही शुद्ध हवा. त्यातच विमानाचा प्रतिध्वनी मिसळला, तर वजाबाकीत विमानही अंशतः पुसले जाते. डिजिटल प्रसारणात संकेत उलगडून मूळ लहर नव्याने घडवता येते. एफएममध्ये ती सोय नाही, म्हणून तेथे संदर्भ अँटेनाची जागा आणि दिशा यांवरच भिस्त ठेवावी लागते.