सुपरनोव्हा की गरम पिक्सेल? फोटो पाठवण्याआधी वाचा
(दुर्बीण व माउंट, म्हणजे ताऱ्यांमागे दुर्बीण फिरवणारा स्टँड, भाड्याने नेणाऱ्यांसाठी)

दीर्घिकेत सुपरनोव्हा (ताऱ्याचा स्फोट, जो नव्या ताऱ्यासारखा दिसतो) सापडल्याची बातमी आली, की आमच्या व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो सुरू होतात: "हाच का तो?" सोबत असतं एकच जेपेग. सेन्सरवरचा गरम पिक्सेल (प्रकाश नसतानाही चमकणारा ठिपका) आणि फिकट तारा एका फ्रेममध्ये सारखेच दिसू शकतात, आणि व्हॉट्सअ‍ॅप फोटो दाबून पाठवत असल्याने उरलासुरला फरकही जातो. म्हणून आम्ही रॉ (कॅमेऱ्यातून निघालेल्या मूळ) फाइलींचाच आग्रह धरतो.

सप्तर्षीतल्या एम-१०१ दीर्घिकेतला सुपरनोव्हा एसएन २०२३आयएक्सएफ मे २०२३ मध्ये सुमारे ११ व्या प्रतीपर्यंत उजळला होता (प्रतीचा आकडा जितका लहान, तितका तारा तेजस्वी). अंतर सुमारे २ कोटी प्रकाशवर्षं, तरी ८० मिमी एफ/६ दुर्बीण आणि डीएसएलआरला एवढा तारा पुण्याच्या गच्चीवरूनही ३० सेकंदांत मिळतो. पाच मिनिटांचं एक्स्पोजर देऊ नका, शहराच्या उजेडाने फ्रेम पांढरी पडते. आयएसओ ८००, ३० सेकंद, ६० फ्रेम पुरतात. माउंट ध्रुवताऱ्याकडे जुळवायचा असल्याने गच्चीची उत्तर बाजू मोकळी हवी. इथे ध्रुवतारा जेमतेम साडेअठरा अंशांवर असतो, समोरची इमारत सहज झाकते.

आता सगळ्यात जास्त राहून जाणारी गोष्ट, डिदरिंग, म्हणजे फ्रेमच्या मध्ये दुर्बीण किंचित सरकवणं. दर चार फ्रेमनंतर माउंटच्या हँडसेटवर (हातातल्या रिमोटवर) १एक्स वेग ठेवून दिशेचं बटण २ सेकंद दाबा, दर वेळी वेगळी दिशा. चित्र १० ते १५ पिक्सेल सरकतं. गरम पिक्सेल सेन्सरवर जागचा हलत नाही, त्यामुळे तारे जुळवून फ्रेम एकावर एक रचताना (स्टॅक करताना) तो वेगळा पडतो आणि सॉफ्टवेअर त्याला काढून टाकतं. न सरकवता घेतलेल्या ६० फ्रेममध्ये तोच ठिपका ६० वेळा पक्का होतो. मे महिन्याच्या उकाड्यात असे पिक्सेल वाढतात, तेव्हा ही पायरी गाळूच नका. शेवटी झाकण लावून त्याच आयएसओ-वेळेच्या २० डार्क फ्रेम घ्या (त्यात फक्त गरम पिक्सेल उमटतात, ते मग वजा करता येतात), तिथेच, लगेच. दुसऱ्या दिवशी घरात घेतलेल्या डार्कचं तापमान जुळत नाही.

मग अ‍ॅलाडिन या आकाश-नकाशाच्या सॉफ्टवेअरमध्ये त्याच जागेचं जुनं डीएसएस (डिजिटाइज्ड स्काय सर्व्हे) चित्र उघडून, तुमचा ठिपका त्यात आधीच आहे का ते ताडून पाहा. ते फुकट आहे. सिंह-कन्येतल्या दीर्घिकांसाठी तासाभराने दुसरा संच घ्या, कारण तिथे नव्या ताऱ्यासारखेच दिसणारे लघुग्रह येतात आणि तेवढ्या वेळात ते सरकलेले दिसतात.

रॉ आणि डार्क पेनड्राइव्हवर आणा, तुमच्यासमोर स्टॅक करून देतो. रिमोट टायमरप्रमाणे तेही माउंटच्या भाड्यातच धरलेलं आहे.