सबनेट मास्क समजला की आयपी पत्ता समजला

नेटवर्कवर काहीही पाठवण्याआधी संगणकाला एक गोष्ट ठरवावी लागते: समोरचं यंत्र आपल्याच नेटवर्कमध्ये आहे की बाहेर? आत असेल तर तो एआरपीने (आपल्या नेटवर्कवर हाक मारून पत्ता विचारण्याची पद्धत) थेट त्या यंत्राचा मॅक पत्ता, म्हणजे नेटवर्क कार्डाचा पत्ता, विचारतो. बाहेर असेल तर पॅकेट गेटवेकडे, म्हणजे राउटरकडे सोपवतो. हा निर्णय तो सबनेट मास्क बघून घेतो. सीसीएनएसारख्या नेटवर्किंगच्या परीक्षेची तयारी करणारे बरेच जण आधी क्लास ए, बी, सी या पत्त्यांच्या जुन्या गटांचे तक्ते पाठ करतात आणि मास्क शेवटी उरकतात. सुरुवात मास्कपासून केली तर पाठांतर निम्म्याने कमी होतं.

आयपीव्ही४चा पत्ता ३२ बिटांचा असतो. वाचायला सोपं जावं म्हणून आपण त्याचे आठ-आठ बिटांचे चार भाग करतो आणि प्रत्येक भाग ० ते २५५ अशा दशमान संख्येत लिहितो. या भागाला ऑक्टेट म्हणतात. मास्कही ३२ बिटांचाच. त्यात आधी सगळे १ आणि मग सगळे ०. जिथे १ आहेत तेवढे बिट नेटवर्कचे, जिथे ० आहेत तेवढे यंत्राचे. ‘/२६’ म्हणजे सुरुवातीचे २६ बिट १; दशमानात २५५.२५५.२५५.१९२. एकदा ० सुरू झाला की पुन्हा १ येत नाही, त्यामुळे मास्कच्या कुठल्याही ऑक्टेटमध्ये नऊच संख्या येऊ शकतात: ०, १२८, १९२, २२४, २४०, २४८, २५२, २५४, २५५. या मात्र पाठच हव्यात. पर्यायांत २५५.२५५.२५५.१६० दिसला तर तो वाचताक्षणी बाद करता येतो.

आता १९२.१६८.१०.७७/२६ हा पत्ता घेऊ. पहिले तीन ऑक्टेट पूर्णपणे नेटवर्कचे आहेत, प्रश्न फक्त ७७चा. ७७ बायनरीत ०१००११०१ आणि १९२ बायनरीत ११००००००. दोन्हीकडे १ असेल तिथेच १ ठेवायचा, बाकी ०. उत्तर येतं ०१००००००, म्हणजे ६४. नेटवर्क १९२.१६८.१०.६४. यंत्राचे सहाही बिट १ केले की १२७ मिळतो, तो ब्रॉडकास्ट पत्ता, म्हणजे नेटवर्कमधल्या सगळ्यांना एकदम पाठवण्याचा. मधले ६५ ते १२६ असे ६२ पत्ते यंत्रांना देता येतात.

परीक्षेत कॅल्क्युलेटर मिळत नाही आणि दर वेळी बायनरी मांडत बसायला वेळ नसतो. म्हणून २५६मधून मास्कचा तो ऑक्टेट वजा करा. २५६ वजा १९२ म्हणजे ६४, हा झाला टप्पा. नेटवर्क ०, ६४, १२८, १९२ इथेच सुरू होणार. ७७ हा ६४ आणि १२८ यांच्या मध्ये, झालं उत्तर.

हीच रीत तिसऱ्या ऑक्टेटवर लावताना मात्र गडबड होते. १७२.२०.७५.२००/२० बघा. मास्क २५५.२५५.२४०.०, टप्पा १६चा. तिसरा ऑक्टेट ७५, तो ६४ ते ७९ या टप्प्यात बसतो. नेटवर्क १७२.२०.६४.०, ब्रॉडकास्ट १७२.२०.७९.२५५, मध्ये ४०९४ वापरण्याजोगे पत्ते. मग १७२.२०.७०.२५५ हा पत्ता एखाद्या यंत्राला देता येईल का? शेवटी २५५ दिसला की बहुतेकांचा हात ‘नाही’कडे जातो. पण तो या नेटवर्कच्या मधोमध आहे, ब्रॉडकास्ट नाही, खुशाल द्या. १७२.२०.७१.०सुद्धा चालतो. पत्ता वैध आहे की नाही हे मास्कशिवाय सांगताच येत नाही.

मास्क चुकला तर काय होतं, हे प्रत्यक्ष कामातही फार उपयोगाचं आहे, कारण नेटवर्क अर्धवट चालत राहतं आणि दोष सापडत नाही. वरच्या ७७ क्रमांकाच्या यंत्रावर कोणी /२६ऐवजी /२४ टाकला असं समजा. गेटवे ६५ला आहे. इंटरनेट चालतं, शेजारची यंत्रं दिसतात, पण १९२.१६८.१०.१३० वरचा प्रिंटर दिसत नाही. प्रिंटर दुसऱ्या सबनेटमध्ये, म्हणजे उपनेटवर्कमध्ये, आहे, पण या यंत्राला तो आपल्यातलाच वाटतो. ते राउटरकडे जातच नाही, एआरपीने हाका मारत बसतं. पिंग केलं (यंत्र उत्तर देतं का ते तपासलं) तर ‘डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल’ हे उत्तर स्वतःच्याच पत्त्यावरून येतं, आणि तीच खूण. सिस्कोच्या राउटरवर प्रॉक्सी एआरपी मुळातच चालू असतं. अशा वेळी राउटर प्रिंटरच्या वतीने उत्तर देतो आणि चूक झाकली जाते. राउटर बदलला की ती अचानक वर येते.

उलट, /२६ऐवजी /२८ टाकला तर यंत्राला ६४ ते ७९ एवढंच आपलं वाटतं. त्याच स्विचवरच्या १००कडे जाणारं पॅकेटही ते राउटरला देतं आणि राउटर ते आल्या वाटेने परत पाठवतो. काम होतं, पण वळसा घालून. गेटवे १२६ला असता तर तोच नेटवर्कबाहेर पडला असता.

पत्त्यांची वाटणी करताना सगळ्यात मोठ्या गरजेपासून सुरुवात करा. १९२.१६८.१०.०/२४ मधून १००, ५० आणि २५ पत्त्यांचे तीन विभाग आणि दोन राउटरांमधला एक दुवा काढायचा आहे. फक्त शेवटचा ऑक्टेट लिहायचा तर १००साठी ०/२५, ५०साठी १२८/२६, २५साठी १९२/२७, दुव्यासाठी २२४/३०. दुव्याला आधी ०/३० देऊन लगेच पुढे ४/२५ लिहिणारे पुष्कळ असतात. /२५चं नेटवर्क ० किंवा १२८ इथेच सुरू होतं, ४ला नाही. आणखी एक सापळा: /२७मध्ये ३० पत्ते मिळतात, पण एक राउटरच्या पोर्टला जातो. विभागात ३० संगणक असतील तर /२६ घ्यावाच लागेल.

क्लासची पद्धत १९९३मध्ये सीआयडीआर (क्लासऐवजी /२६सारखा आकडा वापरण्याची पद्धत) आल्यावर मागे पडली. प्रश्नपत्रिकेत ती डोकावते म्हणून पहिल्या ऑक्टेटचे आकडे लक्षात असू द्या: ए १ ते १२६, बी १२८ ते १९१, सी १९२ ते २२३. १२७ स्वतःच्याच यंत्रासाठी राखीव. २२४ ते २३९ मल्टिकास्ट, म्हणजे ठरावीक गटाला एकदम पाठवण्यासाठी.

खासगी पत्ते, म्हणजे फक्त आतल्या नेटवर्कसाठीचे, १९९६च्या आरएफसी १९१८ या इंटरनेट दस्तऐवजाने ठरवले: १०.०.०.०/८, १७२.१६.०.०/१२ आणि १९२.१६८.०.०/१६. मधल्यावर हमखास चुकतं. /१२चा दुसरा ऑक्टेट २४०, टप्पा १६चा, म्हणून १७२.१६ ते १७२.३१ एवढेच खासगी, १७२.३२ सार्वजनिक झाला. यंत्राला १६९.२५४ने सुरू होणारा पत्ता दिसला तर डीएचसीपीकडून, म्हणजे आपोआप पत्ते वाटणाऱ्या यंत्रणेकडून, उत्तर आलेलं नाही. आधी केबल आणि व्हीलॅन (स्विचवरचे आभासी विभाग) तपासा.

चौथा पट्टा १००.६४.०.०/१०, म्हणजे १००.६४ ते १००.१२७. सार्वजनिक पत्ते अपुरे पडल्यामुळे इंटरनेट पुरवठादार एकाच सार्वजनिक पत्त्यामागे अनेक ग्राहक ठेवतात, त्यासाठी २०१२मध्ये तो राखून ठेवला. घरच्या राउटरच्या वॅन (बाहेरच्या जोडणीच्या) रकान्यात यातला पत्ता असेल, तर पोर्ट फॉरवर्डिंग (बाहेरून आलेली मागणी आतल्या यंत्राकडे वळवणं) कितीही अचूक केलं तरी घरातला कॅमेरा बाहेरून थेट उघडणार नाही. सार्वजनिक पत्ता पुरवठादाराच्या यंत्रणेवर आहे, तुमच्या राउटरवर नाही. पुरवठादाराकडून वेगळा सार्वजनिक पत्ता मागून घ्या, नाहीतर आयपीव्ही६ ही पत्त्यांची नवी पद्धत वापरा.