भेंडीचं टोक आणि नचिकेताच्या गाई

मंडईत भेंडी घेताना माझी मावशी प्रत्येक भेंडीचं टोक अंगठ्याने दाबून बघते. कट्कन मोडलं तर कोवळी, ती पिशवीत. नुसतं वाकलं तर जून, ती परत टोपलीत. परवा भाजीवाली वैतागली, “फार चिकित्सक बाई तुम्ही!” सोबत आमच्या मजल्यावरच्या, मूळच्या लखनौच्या भाभी होत्या. त्यांनी वाटेत मला हळूच विचारलं, “मावशी डॉक्टर आहेत?”

चूक त्यांची नव्हती. हिंदीत चिकित्सक म्हणजे वैद्य. मराठीतही ‘जिल्हा शल्यचिकित्सक’ हे सरकारी पद आहेच. पण घरात, दुकानात, स्थळं बघताना हाच शब्द आला की अर्थ होतो खुसपटं काढणारा, सहजी काही पसंत न पडणारा. ‘चोखंदळ’ त्याच्या शेजारचा, पण त्याला मान जास्त. त्यातलं ‘चोख’ संस्कृत ‘चोक्ष’वरून आलं, म्हणजे शुद्ध. ज्या गिऱ्हाइकाची मर्जी सांभाळायची ते चोखंदळ. ज्याने वैताग आणला ते चिकित्सक.

मग वैद्याचा शब्द मावशीला कसा चिकटला?

भाषाशास्त्रज्ञ याचं मूळ ‘चित्’ धातूत बघतात. अर्थ साधा: ध्यानात येणं, नजरेला पडणं. चित्त, चेतना याच घरातली. फार पूर्वी या धातूच्या सुरुवातीला ‘क’च्या जातीचा वर्ण होता. पुढे ‘इ’सारखा स्वर असल्यामुळे त्याचा ‘च’ झाला, पण द्विरुक्त, म्हणजे सुरुवातीचं अक्षर दोनदा येणाऱ्या रूपांत दुसऱ्या जागी जुना ‘क’ तग धरून राहिला. ‘चिकित्सा’ म्हणून बघा, नवा च आणि जुना क शेजारी शेजारी ऐकू येतात. पाणिनी मात्र ‘कित्’ हा वेगळाच धातू मानतो. त्याच्या एका सूत्रात (3.1.5) गुप्, तिज् आणि कित् या तिघांना ‘सन्’ प्रत्यय लागतो आणि तयार होतात जुगुप्सा, तितिक्षा, चिकित्सा. किळस, सोशिकपणा आणि इलाज एका बाकावर! पिपासा, जिज्ञासा यांतही हाच प्रत्यय आहे. तिथे तो इच्छा दाखवतो, इथे प्रत्येकाला खास अर्थ मिळालेला.

नंतरच्या वैयाकरणांनी ‘कित्’च्या या रूपाचे अर्थ मोजून दिले आहेत: रोगावर उपाय, निग्रह, दूर करणं, नाश आणि शेवटी संशय. संशयाच्या अर्थाला बहुधा आधी ‘वि’ लागतो, विचिकित्सा. कठोपनिषदात नचिकेत यमाला हाच शब्द वापरून विचारतो, “येयं प्रेते विचिकित्सा मनुष्ये”. मेल्यावर माणूस उरतो की नाही, ही जी शंका आहे तिचं उत्तर दे. मला हा पोरगा आपल्या अर्थानेही पक्का चिकित्सक वाटतो. वडील यज्ञात दान करताहेत त्या गाईंचं शेवटचं पाणी पिऊन झालंय, शेवटचं दूध देऊन झालंय, हे तिथे याच्याच मनाला टोचतं. पुढे यम उत्तराऐवजी हत्ती, घोडे, सोनं, हवं तितकं आयुष्य पुढे करतो. याला एकही पसंत नाही.

नाडी बघणारा काय आणि शंका काढणारा काय, इतरांच्या नजरेतून सुटलेलं हेरणं हेच दोघांचं काम. मराठीने ही दुसरी बाजू जास्त जपली असं मला वाटतं. ग्रंथाची चिकित्सा, धर्माची चिकित्सा आपण म्हणतोच. त्यात कोणी औषध देत नाही.

अशा चिकित्सेचं सगळ्यात मोठं काम पुण्यातच झालं. भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेने महाभारताची चिकित्सित आवृत्ती 1919 साली हाती घेतली, ती पुरी झाली 1966 मध्ये. त्यासाठी 1259 हस्तलिखितं ताडून बघितली. 1925 पासून मुख्य संपादक असलेल्या वि. स. सुखटणकरांनी त्याची शिस्त घालून दिली. त्यातलं पान बघण्यासारखं असतं. वर मोजके श्लोक, खाली बारीक टायपात पाठभेदांचं रान. कुठलं हस्तलिखित काय म्हणतं, सगळं लिहिलेलं. आणि वरच्या श्लोकातही जिथे संपादकाची पूर्ण खात्री नाही, तिथे अक्षरांखाली नागमोडी रेघ.

तसलं एक पान मी मावशीला दाखवलं. तिने चष्मा वर सरकवला, त्या रेघेवर अंगठा ठेवला आणि म्हणाली, “ही वाकलेली दिसते.”