जुना ट्रक नावावर करून ट्रान्सपोर्टकडे अटॅच करताना: पात्रता, कागदपत्रे आणि क्रम

मालकाच्या गाडीवरचा ड्रायव्हर स्वतःचा ट्रक घेतो तो बहुधा जुनाच, आणि भाडं हातचं जाऊ नये म्हणून आरसी (गाडीचं नोंदणीपत्र) नावावर होण्याआधीच पहिली ट्रिप मारतो. नेमकं तेच टाळायचं. आधी आरसी, मग विमा, मग परमिट आणि सगळ्यात शेवटी अटॅचमेंट, म्हणजे गाडी ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कामाला लावणं.

ट्रक घ्यायला लायसन्स लागत नाही. चालवायला मात्र अवजड मालवाहू वाहनाचं, मुदतीतलं लायसन्स हवं. खरी पात्रता गाडीची बघायची. १२ वर्षांपेक्षा जुन्या गाडीला नॅशनल परमिट, म्हणजे राज्याबाहेर माल नेण्याचा परवाना, मिळत नाही. मल्टि-ॲक्सलला (दोनपेक्षा जास्त ॲक्सलच्या गाडीला) ही मर्यादा १५ वर्षांची. म्हणजे १० वर्षं जुनी दोन ॲक्सलची गाडी ४ वर्षांच्या कर्जावर घेतली, तर शेवटची २ वर्षं हप्ते चालू आणि गाडी राज्याबाहेर बंद. फिटनेस ८ वर्षांपर्यंत दर २ वर्षांनी, त्यानंतर दरवर्षी.

नावावर करण्यासाठी फॉर्म २९ आणि ३०, मूळ आरसी, विमा, पीयूसी, फिटनेस, टॅक्सची पावती, दोघांचे पॅन व पत्त्याचा पुरावा आणि चासी नंबरचा पेन्सिलने घासून घेतलेला ठसा. अर्ज परिवहन पोर्टलवर भरायचा. विकणाऱ्याचं कर्ज असेल तर ते आरसीवरून उतरवायला फायनान्सरच्या सहीचा फॉर्म ३५. तुमचं नवं कर्ज चढवायला फॉर्म ३४. गाडी दुसऱ्या आरटीओची असेल तर फॉर्म २८ ची एनओसी. फाइल अडते ती मुख्यतः जुन्या ई-चलानांवर आणि थकलेल्या टॅक्सवर. म्हणून टोकन देण्याआधी गाडीचा नंबर टाकून दोन्ही तपासा. ‘नंतर भरतो’ म्हणणारा विक्रेता पैसे मिळाल्यावर फोन उचलत नाही.

विमा नावावर करायला हस्तांतरापासून १४ दिवसांत अर्ज द्या. थर्ड पार्टीचं संरक्षण गाडीबरोबर येतं, पण स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा क्लेम पॉलिसीवरच्या आणि आरसीवरच्या नावात फरक असला की लटकतो.

जुन्या मालकाचं परमिट आपोआप तुमचं होत नाही. ते नावावर करून घ्यायला आरटीओची परवानगी घ्या किंवा त्याला सरेंडर करायला लावून नवं काढा. परमिट ५ वर्षांचं असतं; नॅशनल परमिटचं ऑथरायझेशन (राज्याबाहेर चालवायची मंजुरी) दरवर्षी, त्याची एकत्रित फी १६,५०० रुपये आणि वर ऑथरायझेशनचे १,००० रुपये. फास्टॅगही जुना बंद करून नवा घ्या, नाहीतर टोल दुसऱ्याच्या खात्यातून कटतो आणि त्याने टॅग बंद केला की गाडी टोलनाक्यावर उभी.

अटॅचमेंटला सरकारी फॉर्म नाही, करारच सगळं ठरवतो. ॲडव्हान्स किती टक्के, पीओडी (माल पोचल्याची सही-शिक्क्याची पावती) दिल्यावर बाकी किती दिवसांत, हॉल्टिंग (गाडी लोडिंग-अनलोडिंगला अडकली तर त्याचे पैसे) कितव्या दिवसापासून, शॉर्टेज (कमी भरलेला माल) कोणाच्या माथी, डिझेल कार्डची कपात कशी, हे लेखी घ्या. तोंडी ठरलेलं हॉल्टिंग कधीच मिळत नाही. बिल्टी (माल पाठवल्याची पावती) ट्रान्सपोर्टच्या नावाचीच राहू द्या: बिल्टी काढणाऱ्या ट्रान्सपोर्टला गाडी भाड्याने देण्यावर जीएसटी नाही, पण स्वतःची बिल्टी काढलीत की तुम्हीच जीएसटीच्या नियमांत येता.

पॅनसोबत ‘माझ्याकडे १० पेक्षा जास्त गाड्या नाहीत’ असं डिक्लेरेशन ट्रान्सपोर्टला दिलं की भाड्यातून टीडीएस (आधीच कापला जाणारा इन्कम टॅक्स) कापला जात नाही. ते दर आर्थिक वर्षाच्या पहिल्या बिलाबरोबरच द्या. एकदा कापलेला टीडीएस इन्कम टॅक्स रिटर्न भरूनच परत मिळतो.